पन्नास किलोंची गोणी आणि मणक्यातली गादी: माथाडी मंडळं व बाजार समित्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातील माथाडी मंडळांचे अध्यक्ष व सदस्य,
तसेच कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे सभापती व संचालक यांस,

विषय: गोणीचं वजन, उचलण्याची उंची आणि हमालांच्या कमरेचे आजार

स. न. वि. वि.

बाजार समितीच्या आवारात येणारी गोणी ५० किलोंहून जड नसावी, एवढं मान्य करून घ्यायला हमालांच्या संघटनांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. त्याआधी शंभर किलोंचं पोतं पाठीवर वाहिलेली माणसं आज गावोगावी काठी टेकत चालताना दिसतात. पन्नासचा आकडा हा लढून मिळवलेला आहे आणि त्याचं मोल मला कमी करायचं नाही. पण हल्ली तोच आकडा सुरक्षिततेची हमी असल्यासारखा वापरला जातो. ‘पन्नासच्या आत आहे ना, मग उचला.’ मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे हमाल, मापाडी, सिमेंटच्या गोदामातले लोडर रोज येतात, आणि माझं म्हणणं स्पष्ट आहे: ५० किलो सुरक्षित नाहीत. गोणी ३० किलोंच्या आत आली पाहिजे आणि जमिनीवरून गोणी उचलणं बंद झालं पाहिजे. दोन्ही गोष्टी तुमच्या हातात आहेत, म्हणून पत्र तुम्हाला.

येणाऱ्यांतले बरेच जण चाळिशीच्या आगेमागे असतात. कमरेत चमक भरलेली, एका पायात कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ उतरलेली, आणि हातात एमआरआयची फाइल. ‘मॅडम, मणक्यात गॅप सांगितलाय, आता काम सुटणार का?’ हा पहिला प्रश्न. दुखतं किती, हे नंतर. हमालांच्या टोळीत नाव राहील का, याची धास्ती दुखण्याहून मोठी असते.

हा ‘गॅप’ म्हणजे दोन मणक्यांमधली गादी झिजणं. आधी ही गादी झिजते कशी, ते सांगते. त्यातच उपायही आहे.

आपल्या कण्यात मणक्यांच्या मधोमध २३ गाद्या असतात. गादीच्या मध्यभागी पाणी धरून ठेवणारा मऊ गाभा आणि त्याच्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक तंतूंचे थर. वर आणि खाली, मणक्याला लागून, कूर्चेचा पातळ पडदा. प्रौढ माणसाच्या या गादीत रक्तवाहिनी जवळजवळ नसतेच. तिला लागणारा प्राणवायू आणि साखर त्या पातळ पडद्यातून हळूहळू झिरपून येते, टाकाऊ द्रव्यं तशीच परत जातात. म्हणून स्नायू दुखावला तर काही आठवड्यांत भरून येतो, हाड मोडलं तर जुळतं, पण गादीला इजा झाली की तिची दुरुस्ती फार मंद आणि अर्धवट होते.

दिवसभर उभं राहून, ओझं वाहून गाद्यांमधलं पाणी थोडं थोडं बाहेर दाबलं जातं. रात्री आडवं झाल्यावर ते परत शोषलं जातं. त्यामुळे सकाळी माणूस रात्रीपेक्षा एक-दोन सेंटिमीटर उंच असतो. वय वाढतं तसे गाभ्यातले पाणी धरणारे रेणू कमी होतात, पडदा घट्ट होत जातो, पोषण घटतं. गाभा सुकतो, गादीची उंची कमी होते, बाहेरच्या थरांना चिरा पडतात. कधी त्या चिरेतून गाभ्याचा भाग मागे सरकून पायाकडे जाणाऱ्या नसेवर येतो, तेव्हा सायटिका. गादी बसली की मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांवर भार येतो, हाडाची टोकं वाढतात आणि पुढे काहींची नसांची वाटच अरुंद होते.

आता ओझ्याचं. सरळ दाबाखाली सर्वांत आधी तुटतो तो गादी नव्हे, तर वरचा-खालचा पातळ पडदा. त्यात बारीक तडे जातात आणि त्या वेळी बहुधा काही कळतही नाही. गोणी उतरवून माणूस पुढच्या गोणीकडे वळतो. पण ज्या पडद्यातून गादीचं पोट भरायचं तोच बिघडला, तर पुढची दहा-पंधरा वर्षं गादी आतून खचत जाते. वाकून आणि वाकलेल्या कमरेतच पीळ देऊन उचलणं, म्हणजे खालच्या थप्पीतून गोणी काढून बाजूच्या काट्यावर टाकणं, हे बाहेरच्या थरांच्या मागच्या बाजूला सर्वांत वाईट. तुमच्या आवारात दिवसभर नेमकी हीच हालचाल चालते.

हा दाब मोजलेलाही आहे. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या गादीत सुई घालून दाब मोजायला सुरुवात केली. १९९९ साली जर्मनीतल्या विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या कमरेतल्या गादीत बारीक मापक बसवून तेच नव्या साधनांनी केलं. उताणं झोपलेलं असताना ०.१ मेगापास्कल (हे दाबाचं एकक). उभं असताना ०.५. सुमारे २० किलोंचं वजन कंबर वाकवून जमिनीवरून उचलताना २.३. तेच वजन गुडघे वाकवून उचललं तेव्हा १.७. उचलून अंगाशी धरलं तेव्हा १.१. आकडे एकाच माणसाचे आहेत, त्यामुळे दशांश चिन्हावर मी भांडणार नाही. पण त्यांचा क्रम नीट पाहा. वजन तेच असताना जमिनीवरून उचलणं आणि अंगाशी धरून उभं राहणं यात दुपटीचा फरक आहे. आणि हे सगळं २० किलोंचं. आपल्याकडे गोणी अडीचपट.

दहा टनांचा ट्रक म्हणजे २०० गोण्या. चार जणांच्या टोळीत माणशी ५० गोण्या, अडीच टन. असे दिवसाला किती ट्रक येतात, ते तुमच्या आवक नोंदवहीत आहे. गोण्या काट्यावर टाकल्यावर पन्नासच्या कधी साठही भरतात, असं कामगार सांगतात. पावसाळ्यात ओल्या बारदानाचं वजन वेगळंच.

माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारी एक गोष्ट मीच इथे मांडते, कारण ती पुढे केली जाईलच. फिनलंडमध्ये जुळ्या भावांचा मोठा अभ्यास झाला. एकाने आयुष्यभर जड काम केलेलं, दुसऱ्याने हलकं. एमआरआयवर दिसणाऱ्या गादीच्या झिजेतला कामाच्या ओझ्याचा वाटा तिथे एक आकडी टक्क्यांत निघाला. आनुवंशिकतेचा आणि घरच्या सामायिक परिस्थितीचा वाटा कितीतरी मोठा होता. हे खरं आहे, आणि ‘ओझं उचललं म्हणून गादी झिजली’ एवढं सोपं विधान मी करणार नाही. मग गोणी हलकी का करायची?

एक तर एमआरआयवरची झीज आणि माणसाचं दुखणं या वेगळ्या गोष्टी आहेत. काहीही न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या स्कॅनचे अभ्यास २०१५ साली एकत्र करून पाहिले गेले. विशीतल्या ३७ टक्के लोकांमध्ये आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांमध्ये गादी झिजलेली दिसत होती, आणि ती सगळी माणसं ठणठणीत होती. हमालाचं काम सुटतं ते झिजलेल्या गादीला रोज वाकवून, पिळून, पन्नास किलोंखाली दाबल्यामुळे. त्याच झिजेचा कारकून निवृत्तीपर्यंत नोकरी करतो. शिवाय फिनलंडमधलं ‘जड काम’ आणि वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधलं जड काम एका मापाचं मी धरत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, कोणाच्या गाद्या जन्मतः कमकुवत आहेत हे बाहेरून कळत नाही. टोळीतल्या दहांपैकी तिघांचा कणा लवकर हार मानणारा असेल, तर नियम त्या तिघांना धरून करायला हवा. आज तो सर्वांत दणकट गड्याला धरून केलेला आहे.

इथे लगेच सुचवलं जातं: मग भरतीच्या वेळीच एक्स-रे काढा आणि कच्च्या कण्याच्या माणसाला घेऊच नका. कृपा करून हे करू नका. एक्स-रेवरून पुढे कोणाची कंबर धरेल हे सांगता येत नाही, हे कित्येक वर्षांपूर्वी स्पष्ट झालं आहे. त्यातून फक्त गरिबाच्या पोरांची रोजी जाईल.

दुसरी सूचना पट्ट्यांची. कमरेचा पट्टा वाटला की फोटो निघतो, खर्च कमी येतो. अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेने १९९४ सालीच सांगितलं की धडधाकट कामगाराला पट्ट्याने इजा टळते याला पुरावा नाही. पुढे माल हाताळणाऱ्या दुकान-कामगारांच्या मोठ्या पाहणीतही फायदा आढळला नाही. तिसरी सूचना प्रशिक्षणाची: गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा, असे फलक लावा. मी स्वतः हे शिकवते आणि शिकवत राहीन. पण काम तसंच ठेवून नुसतं ‘कसं उचलावं’ एवढंच शिकवलं तर कंबरदुखी कमी होत नाही, असं याविषयीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो. आणि का होत नाही, ते कोणताही हमाल सांगेल. थप्पी अंगावर आलेली, मागे दुसरा ट्रक हॉर्न देतोय, गोणीला धरायला कान नाही, अशा वेळी गुडघ्यात वाकणार कोण आणि किती वेळा?

ओझंच बदललं पाहिजे.

पन्नासचा आकडा कोणत्या काळातला आहे तेही पाहावं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली कमाल वजनाविषयीचा १२७ क्रमांकाचा करार केला. सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची कमाल मर्यादा सुचवली. भारताने हा करार २०१० साली स्वीकारला. आपला पन्नासचा आकडा त्याच जुन्या मापाच्या जवळचा. १९६७ नंतर गादीविषयीचं ज्ञान फार पुढे गेलं. नायॉशच्या १९९१ च्या सूत्रात सगळं आदर्श असताना, म्हणजे वजन अंगाजवळ, कमरेच्या आसपासच्या उंचीवर, पीळ न देता, अधूनमधून उचलायचं, तेव्हा शिफारस केलेली मर्यादा २३ किलो आहे. वाकावं लागलं, फिरावं लागलं, वारंवार उचलावं लागलं की ती त्याहून खाली येते. ब्रिटनमध्ये सिमेंटची पिशवी २५ किलोंची असते. आणि जर्मनीने १९९३ पासून दीर्घकाळ जड वजन उचलल्याने होणारा कमरेच्या गादीचा आजार आणि दीर्घकाळ खांद्यावर ओझं वाहिल्याने होणारा मानेच्या गादीचा आजार, हे दोन्ही व्यावसायिक आजारांच्या यादीत घातले आहेत. मानेच्या आजारासाठी तिथे सुरुवातीला खांद्यावरचं जे वजन धरलं गेलं ते ५० किलो आणि त्याहून अधिक. तिथे आजाराचं कारण मानलेलं वजन इथे कामाचं प्रमाण आहे.

पिशवीचं वजन हा काही निसर्गनियम नाही. साखरेचं पोतं शंभरवरून पन्नासवर आलं, साखर कारखाने बंद पडले नाहीत. युरियाची पिशवी २०१८ साली केंद्र सरकारने ५० वरून ४५ किलोंची केली. कारण वेगळं होतं, शेतात खताचा वापर कमी व्हावा हे, पण एका निर्णयाने देशभरातल्या पिशव्या बदलल्या. खतासाठी जे जमलं ते माणसासाठी जमवायला काय अडचण आहे?

अडचण मला ठाऊक आहे, आणि ती मजुरीची आहे. हमाली, वाराई, तोलाई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचे आणि तोलण्याचे दर जिथे गोणीमागे ठरतात तिथे गोणी अर्धी झाली की व्यापारी दर अर्धा मागणार आणि हमाल दुप्पट फेऱ्या मारणार. म्हणून दर क्विंटलवर बांधा, गोणीवर नको. आणि फेऱ्या वाढतात त्याचा मोबदला क्विंटलच्या दरात धरा. गोणी हलकी करण्याच्या नावाखाली मजुरी कापली गेली, तर कामगार स्वतःच ५० किलोंची गोणी परत मागतील, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

आणखी एक खरी शंका: निम्म्या वजनाच्या दुप्पट गोण्या म्हणजे एकूण ओझं तेवढंच, मग फायदा कुठे? सजीव ऊती थकून तुटतात तेव्हा एका वेळच्या कमाल भाराला फार महत्त्व असतं. भार वाढला की तुटण्याआधीच्या फेऱ्यांची संख्या झपाट्याने घटते. निम्मं वजन दुप्पट वेळा उचललेलं हे पूर्ण वजन एकदा उचलण्यापेक्षा गादीला हलकं जातं. पण शंकेत तथ्यही आहे. प्रत्येक वेळी जमिनीपर्यंत वाकताना माणूस स्वतःच्या धडाचंही वजन उचलत असतो, आणि फेऱ्या दुप्पट तर वाकणंही दुप्पट. म्हणूनच दुसरी मागणी पहिलीइतकीच महत्त्वाची: गोणी गुडघ्याच्या खाली ठेवायचीच नाही. लिलावाच्या ओट्यावर, गाळ्यात, गोदामात थप्पी लाकडी फळ्यांच्या चौकटीवर कमरेच्या आसपासच्या उंचीपासून सुरू करावी. ट्रकच्या फाळक्याच्या उंचीचे धक्के बांधावेत, म्हणजे चढ-उतार न करता गोणी हातगाडीवर सरकवता येईल. तोलकाटा जमिनीवर न ठेवता उचलून बसवावा. वरच्या थरासाठी सरकता पट्टा. यात परदेशातून आणावं असं काहीही नाही, गावातला फॅब्रिकेटर हे सगळं बनवतो.

यंत्राचं नाव काढलं की टोळ्यांमध्ये अस्वस्थता पसरते. ट्रॉली आली, फोर्कलिफ्ट आली की माणसं कमी होणार आणि लेव्ही, म्हणजे मजुरीवर मंडळाकडे भरली जाणारी रक्कमही बुडणार. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही, अनेक ठिकाणी ती खरी ठरली आहे. मंडळांनी इथे ठाम राहावं: आवारातलं यंत्र नोंदीत टोळीच चालवेल आणि त्यावरून गेलेल्या क्विंटलवरही हमाली व लेव्ही लागेल. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं, १९६९ साली कायदा झाला. त्या कायद्याच्या प्रस्तावनेत कामगारांच्या कल्याणाबरोबर आरोग्य आणि सुरक्षिततेच्या उपायांचाही स्पष्ट उल्लेख आहे. भविष्यनिर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी यांवर मंडळांनी मोठं काम केलं. सुरक्षिततेचा भाग मात्र मागे राहिला आहे.

कामाच्या वेळेबद्दल थोडं. रात्रभर आडवं राहिल्यावर गाद्या पाण्याने फुगलेल्या असतात, आणि त्या अवस्थेत वाकलं की थरांवरचा ताण दिवसाच्या मानाने बराच जास्त पडतो. सकाळचं वाकणं टाळल्याने जुनी कंबरदुखी कमी झाल्याचं १९९८ च्या एका चाचणीत दिसलं. आपला बाजार मात्र पहाटेच भरतो आणि गाडीत दोन तास झोपलेला माणूस उठून थेट खालची गोणी उपसतो. उठल्यानंतरचा पहिला तास टोळीने वरच्या थरांवर, काट्यावर, हातगाडीवर काढावा, एवढी पाळी मुकादम सहज लावू शकतो. याला एक रुपयाही लागत नाही.

कामगारांकडूनही काही व्हायला हवं आणि ते मी त्यांना तोंडावर सांगते. बिडी-सिगारेट गादीचं पोषण तोडते. जुळ्यांपैकी एक धूम्रपान करणारा आणि एक न करणारा अशा जोड्या तपासल्या तेव्हा धूम्रपान करणाऱ्याच्या कमरेच्या गाद्यांची झीज सरासरी १८ टक्के जास्त निघाली. पोट सुटणं, मधुमेह अंगावर काढणं, हेही गादीला बाधतं. आणि ‘दिवसभर अंगमेहनत करतो, मला व्यायाम कशाला’ हा गैरसमज. ओझं वाहणं आणि पाठ-पोटाचे स्नायू सगळ्या बाजूंनी तयार करणं यात फरक आहे. कंबरदुखी टाळण्याच्या उपायांचा २०१६ साली एकत्र आढावा घेतला गेला, त्यात पट्टे आणि बुटांचे तळवे निरुपयोगी ठरले आणि नियमित व्यायामाने धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेला दिसला. आवारात एक शेड, दोन चटया आणि आठवड्यातून तीन वेळा वीस मिनिटं, एवढी सोय समिती करू शकते.

कंबर धरलीच, तर बहुतेक सायटिका शस्त्रक्रियेविना काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत शांत होतात. बाहेर आलेला गाभा शरीर पुष्कळदा आपणच शोषून घेतं. अंथरुणाला खिळून राहण्याचा फायदा नाही, दोन-तीन दिवसांनंतर चालतं-फिरतं राहणंच बरं. म्हणून मला मंडळाकडून हवी आहे ती हलक्या कामाची तरतूद: सहा ते बारा आठवडे माणसाला नोंदवहीवर, काट्यावर, शिलाईवर ठेवा, टोळीतलं नाव आणि ठरावीक मोबदला चालू ठेवा. ते नसल्यामुळे माणूस गोळ्या खाऊन आठव्या दिवशी गोणीखाली जातो आणि मग खरोखर जायबंदी होतो. मात्र लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल लुळं पडलं, तर एक दिवसही थांबू नये, थेट मोठ्या रुग्णालयात न्यावं. ही चार लक्षणं प्रत्येक मुकादमाला तोंडपाठ असायला हवीत.

कांद्याच्या खळ्यावर निवडायला बसणाऱ्या बायकांचा उल्लेख या सगळ्यात कुठेच येत नाही, कारण त्या गोणी उचलत नाहीत. त्या दिवसाचे आठ-नऊ तास उकिडव्या, कंबर पूर्ण वाकलेल्या अवस्थेत असतात. त्यांच्या कमरा मी तपासते आणि पुरुषांच्या कमरांहून त्या बऱ्या नसतात. निवडायचं टेबल कमरेइतकं उंच करा, एवढंच.

मजुरीचा पुढचा करार होईल तेव्हा दरांच्या चर्चेआधी विषयपत्रिकेवर हे विषय घ्यावेत: एका वर्षात गोणी ४० किलोंवर आणि तीन वर्षांत ३० च्या आत, दर क्विंटलवर, थप्पी आणि काटा जमिनीपासून वर, दुखापतीनंतर हलकं काम, आणि गादीचा आजार हमालीच्या कामाचा व्यावसायिक आजार मानावा अशी राज्य शासनाकडे मंडळांची लेखी शिफारस. सुरुवात एखाद्या एकाच मार्केटमध्ये, एकाच मालावर करून पाहायला हरकत नाही. तिथल्या टोळ्यांची आधीची आणि नंतरची तपासणी मी व माझे सहकारी विनामोबदला करून देऊ. बैठकीची तारीख कळवावी, कागदपत्रांसह हजर राहीन.

कळावे,
आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, पुणे